तिजोरीची किल्ली कुणाच्या कमरेला?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. काळ्या गुलामांच्या बेड्या तोडायला तिथली माणसं पुढं आली, झिजली, त्याची आठवण म्हणून. आपल्या देशातल्या लोकांनीही शूद्रातिशूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा म्हणून.

ही अर्पणपत्रिका आपल्यातल्या बऱ्याच जणांना पाठ आहे. एका रविवारच्या बैठकीत तिच्यावरूनच वाद पेटला. एकजण म्हणाला, अमेरिका म्हणजे साम्राज्यवाद, विषय संपला. दुसरा उसळला. म्हणाला, जोतीरावांनी पुस्तक ज्यांना दिलं, बाबासाहेबांना ज्या देशात माणूस म्हणून वर्गात बसता आलं, त्याला तू एका शब्दात निकालात काढतोस? तिसरा हळूच म्हणाला, साहेब आला नसता तर आपल्याला शाळेचं दार दिसलं असतं का? बाहेरचा राजा कधीकधी घरच्यापेक्षा बरा.

तिघेही आपलेच. तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं. पण वाद घोषणेला घोषणा असाच चालला. एखादा बलाढ्य देश दुसऱ्या देशात सैन्य घेऊन शिरतो आणि म्हणतो, ‘तुमच्या भल्यासाठी आलो’. हे भलं मोजायचं कशानं? कुणालाच सांगता येईना. मीही गप्प बसलो, कारण माहिती नव्हती.

मग पाळी सुटल्यावर मिळेल ते वाचत गेलो. सगळ्या जगाचा हिशोब मांडणं माझ्या आवाक्यातलं नाही. म्हणून एकच देश धरला. छोटा, काळ्या माणसांचा, गुलामांनी स्वतः लढून उभा केलेला. हैती. अमेरिकेचं सैन्य तिथं १९१५ साली उतरलं आणि १९३४ साली परत गेलं. एकोणीस वर्षं. ‘उपकार’ या शब्दाची पारख करायला इतकी वर्षं पुष्कळ झाली.

* * *

आधी हैती म्हणजे कोण ते बघू.

कॅरिबियन समुद्रातलं हे बेट. त्याचा पश्चिम भाग फ्रान्सच्या ताब्यात होता. नाव सें-दोमिंग. तिथं ऊस, कॉफी, नीळ पिकायची आणि त्या पैशानं फ्रान्सची बंदरं गबर व्हायची. कष्ट करणारे होते आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. जवळजवळ पाच लाख. माणूस इतक्या झपाट्यानं मरायचा की मालकांना दरवर्षी जहाजं भरून नवीन माणसं आणावी लागायची.

ऑगस्ट १७९१ मध्ये हे गुलाम उठले. तेरा वर्षं लढले. त्यांचा सेनापती तुसां लुव्हेर्त्युर स्वतः गुलामीत जन्मलेला. त्याला दगा देऊन पकडलं, फ्रान्सच्या थंडगार किल्ल्यात कोंडलं. तिथं तो १८०३ च्या एप्रिलमध्ये मेला. पण नेपोलियननं पाठवलेली फौज लढाईत आणि पिवळ्या तापात खपली. नोव्हेंबर १८०३ मध्ये व्हेर्तियेरच्या लढाईत उरलीसुरली हरली. १ जानेवारी १८०४ ला देसालीननं स्वातंत्र्य जाहीर केलं. १८०५ च्या घटनेत लिहिलं की गुलामी कायमची नष्ट, आणि कोणीही गोरा इथं मालक म्हणून पाय ठेवणार नाही, जमीन घेणार नाही. हे जमिनीचं कलम नीट लक्षात ठेवा. पुढं सगळी गोष्ट त्याच्यावरच येणार आहे.

या लढाईचा सगळ्यात मोठा फायदा कुणाला झाला? अमेरिकेला. हैतीत फौज बुडाली तसा नेपोलियनचा अमेरिका खंडातला जीव गेला. त्यानं १८०३ साली लुइझियानाचा अफाट मुलूख दीड कोटी डॉलरला अमेरिकेला विकून टाकला. अमेरिका एका सहीत जवळजवळ दुप्पट झाली. काळ्या गुलामांनी रक्त सांडलं आणि जमीन गोऱ्यांना मिळाली.

बदल्यात अमेरिकेनं काय दिलं? १८०६ साली हैतीशी व्यापारबंदी. देश म्हणून ओळख? ती १८६२ पर्यंत नाही. अठ्ठावन्न वर्षं. कारण गुलामांचं राज्य खरं मानलं तर आपल्या शेतावरचे गुलाम उद्या काय मागतील, ही दक्षिणेतल्या मालकांची धास्ती. ते मालक फुटून बाहेर पडले, यादवी युद्ध सुरू झालं, तेव्हाच लिंकनच्या सरकारला हैती ‘दिसला’.

फ्रान्सनं तर कमालच केली. १८२५ साली चौदा लढाऊ जहाजं घेऊन आला आणि म्हणाला, तुम्हाला मान्यता हवी असेल तर १५ कोटी फ्रँक भरा. कसले? आमच्या मालकांचे मळे गेले, त्यांची ‘मालमत्ता’ गेली, त्याची भरपाई. ती मालमत्ता म्हणजे हीच माणसं! स्वतःला सोडवून घेतलं म्हणून स्वतःची किंमत मालकाला द्यायची. पहिला हप्ता भरायला पैसे नव्हते, तर तेही पॅरिसच्याच सावकाराकडून कर्जानं काढायला लावले. १८३८ साली एकूण रक्कम ९ कोटीवर आणली. पण कर्जावर कर्ज, व्याजावर व्याज. शेतकऱ्याच्या कॉफीच्या पोत्यावर कर बसला तो याच्यासाठी. गावात शाळा उभी राहायच्या आधी पॅरिसचा हप्ता जायचा.

म्हणून कुणी म्हणालं की ‘काळ्यांना राज्य करता येत नाही, बघा हैती कसा दरिद्री राहिला’, तर त्याला आधी ही पावती दाखवा.

* * *

आता बँक.

हैतीची राष्ट्रीय बँक नावालाच राष्ट्रीय. १८८० साली ती काढली पॅरिसच्या बँकेनं. सरकारचा पैसा तिच्यात, आणि ती दुसऱ्याची. १९१०-११ मध्ये तिची नवी मांडणी झाली तेव्हा न्यूयॉर्कची नॅशनल सिटी बँक आत शिरली. तिचा उपाध्यक्ष रॉजर फार्नहॅम. हैतीतल्या रेल्वे कंपनीत तोच, बँकेच्या कारभारात तोच, आणि वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याला हैतीबद्दल सल्ला देणाराही तोच. सावकार, कंत्राटदार आणि तलाठी एकाच माणसात.

१७ डिसेंबर १९१४. भरदिवसा अमेरिकन मरीन सैनिक पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बँकेत गेले. हैती सरकारचं ५ लाख डॉलरचं सोनं उचललं, ‘मचायस’ नावाच्या युद्धनौकेवर चढवलं आणि न्यूयॉर्कला नॅशनल सिटी बँकेत नेऊन ठेवलं. सुरक्षित राहावं म्हणून! अजून हैतीवर कब्जा झालेला नाही बरं का. युद्ध नाही, करार नाही. सैन्य यायच्या सात महिने आधी सोनं गेलं. हा क्रम ध्यानात घ्या, कारण पुढं जे सांगितलं गेलं ते उलट्या क्रमानं.

सांगितलं असं, की हैतीत अराजक माजलं म्हणून आम्हाला यावं लागलं. अराजक होतं हे खोटं नाही. चार वर्षांत अध्यक्षांवर अध्यक्ष पडत होते. जुलै १९१५ च्या शेवटी अध्यक्ष व्हिलब्रँ गिय्योम साम याच्या राजवटीनं तुरुंगातल्या दीडशेहून जास्त राजकीय कैद्यांची कत्तल केली. दुसऱ्या दिवशी, २८ जुलैला, लोकांनी त्याला वकिलातीतून ओढून काढून मारलं. त्याच दिवशी दुपारी अमेरिकन मरीन उतरले. युद्धनौका बंदरात आधीच उभी होती.

अमेरिकेला भीती जर्मनीचीही होती. पनामाचा कालवा १९१४ साली सुरू झालेला, त्याच्या वाटेवर हैती. थिओडोर रूझवेल्टनं १९०४ सालीच जाहीर केलं होतं की या भागात गडबड झाली तर पोलिसाचं काम आम्ही करू. पोलीस कुणी नेमला? त्यानं स्वतःच.

याच काळात बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. मे १९१५ चा त्यांचा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि पैशाच्या व्यवहारावर आहे. त्यांनी वही उघडून दाखवलं की कंपनीच्या लढायांचा खर्च हिंदुस्थानच्या माथी, तिचं कर्ज हिंदुस्थानच्या माथी, आणि १८५८ ला कंपनीचं राज्य गेल्यावर तिच्या भागधारकांचं देणंसुद्धा हिंदुस्थानच्याच महसुलावर. ज्या शहरात बसून एक महार विद्यार्थी हे लिहीत होता, त्याच शहरात वॉल स्ट्रीटवर हैतीचं सोनं नेऊन ठेवलं होतं. हा योगायोग. पण पारख करायची रीत बाबासाहेबांनीच दिलीय. राजा काय बोलतो ते ऐकून घ्या, आणि मग वही मागा.

तर वही बघू.

ऑगस्टमध्ये बंदरावरची जकात नाकी मरीननी ताब्यात घेतली. देशाचा मुख्य महसूल तोच. संगिनीच्या पहाऱ्यात दार्तिगनाव्ह नावाचा माणूस अध्यक्ष ‘निवडून’ आला. सप्टेंबर १९१५ मध्ये त्याच्याकडून करारावर सही घेतली. करार दहा वर्षांचा, पुढं वीस वर्षांचा केला. जकात गोळा करणारा अधिकारी अमेरिकन, आर्थिक सल्लागार अमेरिकन, नव्या शिपाई दलाचे अंमलदार अमेरिकन. अमेरिकेला विचारल्याशिवाय कर्ज काढायचं नाही, जकातीचा दर बदलायचा नाही.

आणि करारात पैसे वाटायचा क्रम लिहून ठेवलाय. पहिल्यांदा त्या अमेरिकन अधिकाऱ्यांचे पगार. मग कर्जाचं व्याज आणि हप्ते. मग शिपाई दलाचा खर्च. आणि हे सगळं भागून जे उरेल ते हैतीच्या सरकारला. म्हणजे शाळा, दवाखाना, पाणी, शिक्षकाचा पगार हे सगळं उरल्यासुरल्यात. ज्याला पंगतीत शेवटी बसवून खरवड वाढलीय त्याला हा क्रम समजावून सांगायची गरज नाही.

१९२० च्या उन्हाळ्यात हैतीच्या सरकारनं बँकेबद्दलच्या काही अटी मानायला नकार दिला. अमेरिकन सल्लागारानं काय केलं? अध्यक्षाचा आणि मंत्र्यांचा पगार बंद केला. देशाच्या राष्ट्राध्यक्षाचा पगार! खाडा लावल्यासारखा.

१९२२ साली नॅशनल सिटीच्याच कंपनीमार्फत हैतीच्या नावावर १ कोटी ६० लाख डॉलरचं नवं कर्ज काढलं. ते मुख्यतः जुनी कर्जं फेडायला. फ्रान्सचा सावकार उठला आणि न्यूयॉर्कचा बसला. तोवर राष्ट्रीय बँकही पुरती नॅशनल सिटीच्या ताब्यात गेली होती.

* * *

दुसरी गोष्ट जमिनीची.

१८०५ चं कलम अजून उभं होतं. परदेशी माणसाला हैतीत जमीन नाही. मळेवाल्या कंपन्यांना ते खुपत होतं. अमेरिकेनं नवी घटना पुढं केली, ज्यात ते कलम नव्हतं. १९१७ साली हैतीच्या विधिमंडळानं ती घ्यायला नकार दिला. शिपाई दलाचा प्रमुख स्मेडली बटलर, अमेरिकन मरीन अधिकारी, विधिमंडळात गेला आणि ते बरखास्त झालं. मग जून १९१८ मध्ये सार्वमत. मतदानावर पहारा शिपाई दलाचा. ‘हो’ म्हणणारे अठ्ठ्याण्णव हजारांच्या वर, ‘नाही’ म्हणणारे आठशेहून कमी. निरक्षर देशात, परक्या भाषेतल्या घटनेवर, बंदुकीपुढं! फ्रँकलिन रूझवेल्ट तेव्हा नौदल खात्यात दुय्यम मंत्री होता. १९२० च्या प्रचारात त्यानं फुशारकी मारली की हैतीची घटना मीच लिहिली.

आणि हे साल बघा. जानेवारी १९१८ मध्ये अध्यक्ष विल्सननं जगापुढं आपले चौदा मुद्दे मांडले. लहान देशांनी आपलं भवितव्य आपण ठरवावं याचा जगभर गजर त्याच्याच नावानं झाला. त्याच वर्षी त्याच्याच सैन्याच्या पहाऱ्यात हैतीचं सार्वमत. याच विल्सनच्या कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कारकुनांची टेबलं वेगळी झाली. घरात शिवाशिव पाळणारा बाहेर समतेचं कीर्तन करत होता. आपल्याला हे सोंग नवं नाही.

मरीन कोअरमध्ये तेव्हा एकही काळा सैनिक नव्हता. पहिला काळा माणूस त्या दलात घेतला गेला १९४२ साली. काळ्या प्रजासत्ताकाला ‘सुधारायला’ पाठवलेली फौज ही अशी. राजधानीत अमेरिकन क्लब निघाला. त्यात हैतीच्या माणसाला प्रवेश नव्हता. देश त्याचा, उंबरा मात्र दुसऱ्याचा.

तिसरी गोष्ट वेठ.

सैन्याला रस्ते हवे होते. पैसा खर्चायचा नव्हता. १८६४ चा हैतीचाच एक जुना कायदा शोधून काढला. त्यात शेतकऱ्यानं वर्षातून थोडे दिवस आपल्या भागातल्या रस्त्यावर काम करायचं किंवा कर भरायचा असं होतं. कायदा पडून होता. बटलरच्या शिपाई दलानं १९१६ मध्ये तो उठवला. कागदावर तीन दिवस. प्रत्यक्षात माणसं दोरखंडानं बांधून नेली, आठवडेच्या आठवडे घरापासून लांब राबवली. पळाला त्याला गोळी. पोर्ट-ओ-प्रिन्स ते काप-हैशियँ हा मोठा रस्ता अशा हातांनी झाला. १९१८ च्या सुरवातीला त्यावरून मोटार धावली आणि साहेबांनी एकमेकांची पाठ थोपटली.

आपल्या बापआज्यांनी महारकी केली. सरकारी सामान डोक्यावर वाहिलं, गावाची हाक आली की ताट सोडून धावले. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध १९२८ मध्ये बिल आणलं ते काय उगाच? त्यामुळं ‘रस्ता झाला ना, मग भलंच झालं की’ असं कुणी म्हणालं तर आपण विचारू, रस्ता कुणी केला आणि मजुरी किती दिली? ज्यांच्या आज्यांनी दोराची वेठ तोडून देश उभा केला, त्यांच्याच नातवांना शंभर वर्षांनी पुन्हा दोर.

लोक उठले. त्यांचा म्होरक्या शार्लमाञ पेराल्त. शिकलेला, जुना लष्करी अंमलदार. त्याला सक्तमजुरी दिली होती आणि काप-हैशियँच्या रस्त्यांवर झाडू मारायला लावलं होतं. १९१८ मध्ये तो पळाला आणि डोंगरात हजारो शेतकरी जमवले. कोयता, जुन्या बंदुका. समोर मशीनगन आणि विमानं. ३१ ऑक्टोबर १९१९ च्या रात्री दोन मरीन तोंडाला काळं फासून, एका फितुराच्या मागून त्याच्या तळात शिरले आणि त्याला गोळी घातली. प्रेत दाराच्या फळीला बांधून उभं केलं, फोटो काढला आणि लोकांची हिंमत खचावी म्हणून गावोगाव वाटला. पण लोकांना त्या फोटोत क्रुसावरचा येशू दिसला. घराघरात तो फोटो जपला गेला. अमेरिकन गेल्यावर पेराल्तला सरकारी इतमामानं पुन्हा पुरलं.

मेले किती? मरीन कोअरचा प्रमुख जनरल बार्नेट याच्या स्वतःच्या हिशोबात, १९१५ पासूनच्या पाच वर्षांत, ३,२५० हैतीवासी. मरीन मेले ते त्याच्या एक टक्काही नाहीत. याच बार्नेटचं पत्र १९२० मध्ये बाहेर आलं. त्यात सरसकट माणसं मारली जात असल्याचं त्यानंच लिहिलं होतं.

* * *

आता दुसरी बाजू. ती दाबली तर आपण प्रचारक झालो.

एकोणीस वर्षांत रस्ते झाले, पूल झाले, धक्का झाला, दवाखाने निघाले, राजधानीत टेलिफोन आला. काही अमेरिकन डॉक्टर मनापासून झटले असतील. त्यांच्या हातून बरा झालेला माणूस खोटा नाही.

आणि आपली स्वतःची अडचण अशी की ‘परकं राज्य वाईटच’ हे आपल्याला सवर्ण देशभक्तासारखं घाईनं म्हणता येत नाही. इंग्रजांच्या पलटणीत आपली माणसं गेली, तिथं अक्षर शिकली. हे खरंच आहे. पण त्याच इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली तेव्हा आपण काय करू शकलो? अर्ज. फक्त अर्ज. १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी साहेबाच्या तोंडावर हाच हिशोब मांडला. इंग्रज यायच्या आधी विहीर बंद होती, देऊळ बंद होतं, पोलीस-पलटणीत जागा नव्हती. दीडशे वर्षांनी काय बदललं? म्हणून आम्हालाही लोकांचं राज्य हवं, आणि त्यात आमचा वाटा हवा. त्यांनी इंग्रजाचं चांगलं नाकारलं नाही. पण उपकार म्हणून मिळालेलं उपकारकर्त्याच्या मर्जीनं परत जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हैतीत तेच घडलं. अमेरिकन तज्ज्ञांचं मत असं की हैतीच्या पोरांना साहित्य, कायदा कशाला? हाताचं काम शिकवा, शेती शिकवा. दामियँला शेतकी शाळा काढली. तिथल्या अमेरिकन शिक्षकांचे पगार हैतीच्या मास्तरांच्या मानानं भरमसाट, आणि ते हैतीच्याच महसुलातून. १९२९ च्या ऑक्टोबर अखेरीस विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला कात्री लावली तेव्हा पोरं संपावर गेली. संप पसरला, जकात नाक्यावरचे कारकूनही उतरले. ६ डिसेंबर १९२९ ला ले काय गावाजवळ शेतकऱ्यांच्या जमावावर मरीननी गोळ्या झाडल्या. किमान बारा मेले. मग अमेरिकेतच ओरड झाली, अध्यक्ष हूवरनं चौकशी आयोग नेमला. १९३४ च्या ऑगस्टमध्ये सैन्य परत गेलं. पण पैशावरची देखरेख राहिली. ती उठली १९४७ साली, ते कर्ज फिटल्यावर. सैनिक तेरा वर्षं आधी गेला, सावकार शेवटी.

दवाखाना कुणी बांधला एवढंच विचारून भागत नाही. तो बंद करायचा हुकूम कुणाचा चालतो, हेही विचारावं लागतं. हैतीत तो हुकूम हैतीच्या माणसाचा एक दिवसही नव्हता. म्हणून माझ्या हिशोबानं हे साम्राज्यच. त्यात चांगली माणसं होती, चांगली कामंही झाली, तरी साम्राज्यच. खुद्द बटलरनं नोकरी संपल्यावर, १९३५ मध्ये, कबूल केलं की मी आयुष्यभर मोठ्या धंदेवाल्यांची गुंडगिरी केली, आणि हैतीत नॅशनल सिटी बँकेची वसुली सोयीची करून दिली. ज्याच्या हातात सोटा होता त्याचीच ही साक्ष.

* * *

इथं थांबलो तर सोपं होईल. पण अजून एक कडू घोट आहे.

वेठीचा कायदा हैतीच्याच राज्यकर्त्यांनी केलेला होता. गुलामांनी राज्य मिळवलं, पण सत्ता बसली ती फ्रेंच बोलणाऱ्या, शहरात राहणाऱ्या, बऱ्याचदा उजळ रंगाच्या मूठभरांकडं. डोंगरातला काळा शेतकरी क्रेओल बोलायचा, कर भरायचा आणि दाराबाहेर उभा राहायचा. अमेरिकन आले तेव्हा या वरच्यांतले कितीतरी त्यांच्या खुर्च्यांवर जाऊन बसले. गोऱ्यांच्या क्लबाचं दार तोंडावर बंद झालं तेव्हा त्यांना देशाभिमान आठवला. अमेरिकन गेले आणि त्यांनी शिकवलेलं सैन्य मागं राहिलं. त्या सैन्यानं बाहेरचा शत्रू कधी पाहिला नाही, आपलेच अध्यक्ष पाडले. मग १९५७ ते १९८६ दुव्हालिए बापलेकांची हुकूमशाही. बाप तर काळ्यांच्या अभिमानाची भाषा बोलत आला आणि काळ्यांनाच मारत बसला. म्हणजे किल्ली परक्याच्या कमरेची सुटून घरच्या मालकाच्या कमरेला गेली. ती डोंगरातल्या बाईच्या हातात आली नाही.

पुढचंही थोडक्यात सांगतो. २००३ साली अध्यक्ष आरिस्तीदनं फ्रान्सकडं त्या जुन्या खंडणीची परतफेड मागितली, एकवीस अब्जांहून जास्त डॉलर. फेब्रुवारी २००४ मध्ये तो अमेरिकेच्या विमानातून देशाबाहेर गेला. तो म्हणाला मला पळवलं, अमेरिका म्हणाली स्वखुशीनं गेला. २०१० चा भूकंप झाला, जगभरातून मदत आली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून पटकी पसरली, जवळजवळ दहा हजार माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. २०२५ च्या एप्रिलमध्ये, खंडणीला दोनशे वर्षं झाली तेव्हा, फ्रान्सनं इतिहासकारांचा आयोग नेमायचं जाहीर केलं. भल्याची भाषा दोनशे वर्षांत संपली नाही. वही मात्र अजून त्यांच्याच कपाटात.

* * *

मग जोतीराव चुकले का?

बिलकुल नाही. त्यांनी पुस्तक अमेरिकेच्या सरकारला दिलं नव्हतं, बँकेला तर नाहीच. सदाचारी लोकांना दिलं होतं. असे लोक हैतीच्या वेळीही होते. जेम्स वेल्डन जॉन्सन हा काळा कवी, काळ्यांच्या हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेचा कार्यकर्ता. तो १९२० साली स्वतः हैतीत गेला, वेठीची आणि बँकेची माहिती गोळा केली आणि ‘द नेशन’ साप्ताहिकात लेखमाला लिहून आपल्याच सरकारला उघडं पाडलं. विल्यम ड्यू बॉईसनं ‘क्रायसिस’ मासिकातून १९१५ सालीच आवाज उठवला. त्याचा बाप हैतीत जन्मलेला. याच ड्यू बॉईसला बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं. काळ्यांच्या संघटनेनं संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाची प्रत मागितली, अस्पृश्यांच्या वतीनं तसंच करायचा विचार आहे म्हणून. ड्यू बॉईसनं सहानुभूतीनं उत्तर दिलं. जोतीरावांनी १८७३ साली जो हात पुढं केला होता, तो त्र्याहत्तर वर्षांनी दुसऱ्या बाजूच्या हातात पडला. पुढं १९७२ साली मुंबईत पोरांनी पँथर नाव घेतलं तेही याच नात्यातून.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या रविवारी कुणी विचारलं, अमेरिका चांगली की वाईट, तर म्हणा, कुठली? मरीनच्या बंदुकीतली की जॉन्सनच्या लेखणीतली? आणि कुठलाही बलाढ्य देश, कुठलाही मोठा माणूस, परका असो की आपला, ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणत दारात आला, तर त्याला तीन गोष्टी विचारा. तिजोरीची किल्ली कुणाकडं राहणार? कामाची मजुरी कोण आणि किती देणार? आणि तू नको झालास तर तुला घालवायची सोय आमच्या हातात आहे का?

तिन्हीची उत्तरं मिळाली तर बसवा, पाणी द्या. नाही मिळाली तर पेराल्तचा तो फोटो आठवा, आणि दार लावून घ्या.